चालू पंप उघडायचा नाही

चेन्याच्या छातीवर गळ्याच्या खळीपासून खालपर्यंत एक सरळ व्रण होता. तान्हा असताना त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती, त्याची ही पावती. शाळेत असताना पोहायच्या तलावावर त्याने पहिल्यांदा शर्ट काढला, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे, याला बॅगेसारखी चेन आहे!" आणि त्याचं खरं नाव त्या दिवशी पाण्यात जे बुडालं, ते परत वर आलंच नाही. पुढे त्याने पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं, तेव्हा पाटीवरही 'चेन्या पंप रिपेअर' असंच रंगवून घेतलं. खरं नाव लिहिलं असतं तर त्याची स्वतःची आईसुद्धा पत्ता विचारत पुढच्या चौकापर्यंत गेली असती.

व्रणाबद्दल कुणी विचारलं तर तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "आत दुकानाच्या जादा किल्ल्या ठेवतो." एका गिऱ्हाइकाने ते खरं मानलं होतं आणि दुकान बंद दिसलं की तो चेन्याच्या छातीकडे अपेक्षेने बघायचा.

पण यंदा हा विनोद अंगाशी आला. बायकोला पाचवा महिना लागला होता. तिच्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरात कुणाला जन्मापासून हृदयाचा त्रास?" चेन्याने उत्साहाने शर्टाची दोन बटणं उघडून दाखवली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी करून घ्या. बापाच्या हृदयात जन्मतः छिद्र होतं, तर बाळाचं एकदा नीट बघितलेलं बरं. बहुतेक वेळा काही निघत नाही, असंही त्या म्हणाल्या. पण चेन्याला 'बहुतेक' हा शब्द व्यवसायामुळे चांगला ओळखीचा होता. 'बहुतेक संध्याकाळपर्यंत पाणी येईल' असं तो रोज कुणाला ना कुणाला सांगायचा.

तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला. दुकानातून खराब माल गेला तर तो परत घेता येतो. इथे आपण आपलाच बिघडलेला नग पुढे पाठवला असेल, तर तो परत कुठे घ्यायचा?

तपासणीच्या दिवशी आई दारात तयार उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. हातात कपड्यांनी गच्च भरलेली पिशवी, वर उशी.

"आई, अर्ध्या तासाचं काम आहे," चेन्या म्हणाला.

"तुझ्या वेळी दहा मिनिटांचं होतं. दीड महिना बाकावर काढला मी. मान अजून डावीकडे वळत नाही."

"अहो आई, पण उशी?" बायकोने विचारलं.

"मानेसाठीच," आई म्हणाली आणि पुढे चालू लागली. जाता जाता तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "आणि पंपवाल्याच्या घरचा नळ किती दिवस गळणार आहे, तेही बघा एकदा."

हा नळ घरातला जुना वाद होता. आख्ख्या वस्तीचं पाणी सुरळीत करणारा चेन्या स्वतःच्या नळाचा वॉशर बदलायला मात्र गेले कित्येक महिने 'उद्या' म्हणत होता.

दवाखान्याच्या बाहेरच्या दालनात खुर्च्या होत्या, पाण्याचं यंत्र होतं आणि टेबलावर हृदयाचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, सुटे भाग काढता येणारं. ते तिथे ठेवणं ही दवाखान्याची चूक होती. चेन्यासमोर उघडता येण्यासारखी वस्तू ठेवायची आणि त्याने ती उघडायची नाही, हे शक्य नव्हतं. आई पिशवी मांडीवर घेऊन बसली, बायको पाणी प्यायला उठली आणि ती परत येईपर्यंत हृदय टेबलभर पसरलं होतं.

"ठेव ते," बायको दबक्या आवाजात म्हणाली. ती पोहायला शिकवायची. पाण्यातल्या चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करायची सवय असल्यामुळे तिचा दबका आवाजही लांबपर्यंत जायचा.

"बघत होतो फक्त. चार कप्पे आहेत. झडपा आहेत. सरळ काम आहे, अगं."

त्याने पटापट सगळं परत बसवलं. हृदय बंद झालं, नीट झालं, टेबलावर उभंही राहिलं. आणि चेन्याच्या तळहातावर एक भाग उरला. गोगलगायीच्या शंखासारखा, छोटासा, वेटोळं घातलेला.

त्याने हृदय पुन्हा उघडलं. आत जागा नव्हती. पुन्हा बंद केलं. शंख उरलाच. इतक्या वर्षांत दुरुस्तीनंतर त्याच्या हातात एक स्क्रूसुद्धा कधी उरला नव्हता, आणि आज, नेमका आज, हृदयातली गोगलगाय उरली होती.

तेवढ्यात बायकोचं नाव पुकारलं गेलं. त्याने शंख खिशात टाकला आणि चोरासारखा आत गेला. आई बाहेरच थांबली. "मला बघवायचं नाही," ती म्हणाली. "बरं असेल तर बोलवा. वाईट असेल तर माझ्याकडे उशी आहे."

आतली खोली अंधारी होती. एक पलंग, एक यंत्र, आणि भिंतीवर पलंगासमोर मोठा पडदा. इथल्या डॉक्टर वेगळ्या होत्या: साठीच्या, बारीक, चष्मा कपाळावर चढवलेल्या. बायकोच्या पोटावर त्यांनी गार जेल लावलं आणि हातातलं यंत्र टेकवायच्या आधी दोघांना सांगितलं, "माझी एक पद्धत आहे. बघताना मी बोलत नाही. मी गप्प आहे म्हणजे काही वाईट आहे असं समजू नका. गप्प आहे म्हणजे बघतेय. सगळं झालं की सगळं सांगेन."

"हो हो," चेन्या म्हणाला. पण आतून तो हादरला, कारण त्याचीही अगदी हीच पद्धत होती. पंप उघडला की तो तोंड मिटायचा, आणि त्याची ती शांतता काय सांगत असते ते त्यालाच ठाऊक होतं. साधा बिघाड असला की तो शीळ घालायचा. गप्प झाला की समजावं, खर्च मोठा आहे. आणि गप्प राहून एकदा 'हं' म्हणाला की समजावं, मोटार गेली.

पडद्यावर राखाडी धुकं हललं. डॉक्टर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हं."

चेन्या मनात म्हणाला, मोटार गेली.

"पाठ करून झोपलंय," डॉक्टर म्हणाल्या. "पाठीचा कणा मध्ये येतोय, हृदय दिसत नाही. जरा बाहेर फिरून या. चाला, वाका, कूस बदला. वळेल."

"बापावर गेलंय," बायको उठता उठता म्हणाली. "काम सांगितलं की याचीही पाठच दिसते."

दालनात दोघं येरझाऱ्या घालू लागले. आईने काय झालं विचारलं, तर चेन्या म्हणाला, "वळत नाहीये." आई म्हणाली, "तूही वळला नव्हतास. मी तुला दम दिला होता." मग तिने सुनेच्या पोटाकडे बघून बाळालाही थोडक्यात दम दिला. परिणाम शून्य. चेन्याने वाकून पोटाशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलून पाहिलं, "साहेब, जरा इकडे वळता का, दोन मिनिटांचं काम आहे." साहेब ढिम्म.

बायकोने पर्समधून कामावरची शिट्टी काढली.

"अगं, इथे?"

"पोटात असल्यापासून हीच ऐकतंय. घरातलं कुणाचं ऐकत नसेल, हिचं ऐकेल."

आणि तिने शिट्टी फुंकली. एकच, लांब, तलावावर सगळ्यांना काठाला बोलावताना फुंकते तशी. दालनातली सगळी माणसं जागच्या जागी उभी राहिली. स्ट्रेचर ढकलणारा थांबला, स्ट्रेचरवरचा म्हातारा उठून बसला आणि दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराने सलाम ठोकला. आतून डॉक्टर स्वतः बाहेर आल्या.

"वळलं," बायको पोटावर हात ठेवून म्हणाली.

पुन्हा आत जाऊन बघितलं, तर बाळ खरंच वळलं होतं. "वैद्यकशास्त्रात याला योगायोग म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या, पण शिट्टीकडे त्यांनी जरा आदराने बघितलं. मग त्यांनी यंत्र टेकवलं, थोडं तिरकं केलं, आणि त्या गप्प झाल्या.

आणि चेन्याला ते दिसलं.

धुक्याच्या मधोमध, बोराएवढ्या जागेत, काहीतरी उघडझाप करत होतं. यंत्राने मोठं करून दाखवल्यामुळे पडद्यावर ते मुठीएवढं झालं होतं. चार कप्पे. वरचे दोन, खालचे दोन. मध्ये झडपा, इतक्या पातळ की नसल्यासारख्या, पण प्रत्येक ठोक्याला बरोबर वेळेवर उघडणाऱ्या, बरोबर वेळेवर मिटणाऱ्या. वरचे आधी आवळायचे, मग खालचे. एकदाही क्रम चुकत नव्हता. चेन्याने आयुष्यभर पंप पाहिले होते: तळघरातले, गच्चीवरचे, चिखलात रुतलेले, एक तर तळ्यात बुडालेला आणि तरीही चालू. पण असा पंप त्याने पाहिला नव्हता. याला बैठक नव्हती, नट नव्हते, वायर कुठून येते ते दिसत नव्हतं. पाण्यात लोंबकळत, अंधारात, कुणीही न सांगता तो चालला होता.

डॉक्टरांनी एक बटण दाबलं आणि आवाज सुरू झाला. भरभर, भरभर, ओलसर. चेन्याच्या कानाने सवयीने अंदाज बांधला: मोटार फार वेगात पळतेय. पण बायकोच्या चेहऱ्यावर हसू पसरलं होतं, म्हणून तो गप्प बसला. मग दुसरं बटण, आणि पडद्यावर रंग आले. लाल इकडून तिकडे, निळा तिकडून इकडे. रक्त कुठे जातंय ते रंगात दिसत होतं. चेन्याचं तोंड उघडं पडलं. पाइपाच्या आत पाणी कुठे वळतंय हे बाहेर बसून बघता यावं, असं स्वप्न त्याला दोनदा पडलं होतं. एकदा तर तो झोपेतून टाळ्या वाजवत उठला होता.

तो पुढे झुकून प्रवाह वाचू लागला. खालची भिंत बघितली. त्याच्या स्वतःच्या हृदयात छिद्र होतं ते तिथेच, खालच्या दोन कप्प्यांच्या मधे, असं आईने शंभर वेळा सांगितलं होतं. तिथे काही नव्हतं. रंग भिंतीला धडकून परत फिरत होते. त्याने श्वास सोडला.

मग त्याची नजर वर गेली.

वरच्या दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीत, अगदी मधोमध, भोक होतं. संशयाला जागाच नव्हती. प्रत्येक ठोक्याला एक पातळ पापुद्रा हलायचा आणि उजवीकडचं रक्त सरळ डावीकडे जायचं. एक ठोका, एक गळती. पुन्हा ठोका, पुन्हा गळती. इतक्या सुंदर पंपाची आतली भिंत फुटलेली होती.

डॉक्टर त्याच जागेवर थांबल्या. यंत्र जरा दाबलं. चष्मा नाकावर घेतला.

"हं," त्या म्हणाल्या.

चेन्याच्या डोळ्यांसमोर सगळं एकदम उभं राहिलं. आई बाकावर. मान डावीकडे वळत नाही. बाळाच्या छातीवर चेन. तलावावर कुणीतरी ओरडणार आणि बाळाचंही नाव पाण्यात बुडणार. खिशात हात गेला, तर बोटांना तो शंख लागला, आणि त्याला वाटलं, बाहेरच्या त्या प्लॅस्टिकच्या हृदयातसुद्धा आपल्याच हातून काहीतरी बाहेर राहिलं. आपल्या हाताला लागलेलं हृदय पुरं होतच नाही.

बायकोने त्याची बोटं दाबली. "काय झालं?"

"काही नाही."

"नळ महिनोन् महिने गळतो, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर रेष हलत नाही. आता काय झालं?"

"गळतंय," चेन्याच्या तोंडून निघून गेलं. त्याचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "डॉक्टर, वरच्या भिंतीतून गळतंय. मला दिसतंय. खरं सांगा."

डॉक्टरांनी आपली पद्धत मोडली. यंत्र तसंच धरून त्या त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही काय काम करता?"

"पंप."

"तरीच. बहुतेक बापांना पडद्यावर फक्त ढग दिसतात." त्यांनी चित्र थांबवलं आणि त्या पापुद्र्यावर बोट ठेवलं. "हे भोक आहेच. असायलाच हवं. नसतं तर मी घाबरले असते."

चेन्याने पडद्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. फुफ्फुसं मिटलेली असतात, पाण्याने भरलेली. आईकडून सगळं नाळेतून येतं. मग तिकडे इतकं रक्त पाठवून करायचंय काय? म्हणून बरंचसं या दारातून परस्पर पलीकडे जातं."

"बायपास," चेन्या पुटपुटला.

"म्हणा. आणि हा पापुद्रा म्हणजे दाराचं फळकूट. एकाच बाजूला उघडतं."

"नॉन-रिटर्न."

"बाळ जन्माला येतं, पहिला श्वास घेतं, फुफ्फुसं उघडतात, डावीकडचा दाब वाढतो. फळकूट भिंतीला टेकतं. दार बंद. कुणी हात लावायचा नाही, काही नाही. मग हळूहळू ते चिकटून भिंतच होतं. काहींचं जरासं उघडं राहतं, त्याने बहुधा बिघडत नाही."

चेन्या त्या पापुद्र्याकडे बघत राहिला. जो दिवस अजून आलाच नाही, त्या दिवसासाठी कुणीतरी आधीच झडप बसवून ठेवली होती. तिची बाजूही बरोबर होती. त्याने स्वतः दोनदा झडपा उलट्या बसवल्या होत्या, आणि त्याच्याकडे तर उजेड होता.

"आणि खालची भिंत?" त्याने विचारलं.

"पूर्ण आहे. सगळं फिरून बघितलं मी. अगदी सुईच्या टोकाएवढं काही असेल तर या तपासणीत सुटू शकतं, म्हणून जन्मल्यावर एकदा बघू. पण आज मला जे बघायचं होतं, ते सगळं जागच्या जागी आहे."

"मग मघाशी 'हं' का म्हणालात?"

"छान दिसलं म्हणून," डॉक्टर म्हणाल्या. "तीस वर्षं बघतेय. अजून तोंडातून निघतं."

बायको रडत होती आणि हसत होती, आणि दोन्हींमुळे पोट हलून पडद्यावरचं चित्र पळत होतं. चेन्याला मात्र एक प्रश्न सोडत नव्हता. "डॉक्टर, हा चालू केव्हा झाला?"

"फार लवकर. दिवस राहिल्याचं तुम्हाला कळायच्या सुमाराला. तेव्हा तर हृदय नव्हतंच, साधी नळी होती. ती नळी एक दिवस धडधडायला लागली. मग धडधडता धडधडताच वाकली, स्वतःभोवती वळली, आत भिंती आल्या, झडपा आल्या."

"काम चालू असताना बंद ठेवला असेल ना मधे?"

"कोण बंद ठेवणार?"

चेन्याच्या दुकानात भिंतीवर एकच सूचना होती, ज्याच्याकडे तो काम शिकला त्या उस्तादाकडून आणलेली: चालू पंप उघडायचा नाही. आधी बटण बंद, मग पाना. आणि इथे नळीचा पंप झाला होता, एका कप्प्याचे चार झाले होते, आणि एक ठोकाही चुकवायची परवानगी नव्हती.

"तेव्हा आपण काय करत होतो गं?" त्याने बायकोला विचारलं.

ती आठवू लागली. "सोफा. खिडकीखाली ठेवायचा की भिंतीला, यावरून भांडत होतो. तीन दिवस."

"तीन दिवसांत सोफा हलला नाही," चेन्या म्हणाला. "आणि हे."

आईला आत बोलावलं. ती पिशवीसकट आली, पडद्यासमोर उभी राहिली. डॉक्टरांनी तिला खालची भिंत दाखवली. आईने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, मग पुन्हा पुसला.

"याच्या वेळी हे दिसायचं नाही," ती म्हणाली. "दूध पिताना हा दमायचा, घामाघूम व्हायचा. सगळे म्हणायचे, पोर आळशी आहे. मीही म्हणाले." ती थांबली. "आळशी तो आहेच. पण तेव्हा नव्हता."

चेन्याने तिच्या हातातली पिशवी काढून स्वतःकडे घेतली. डॉक्टर म्हणाल्या, "यांचंही ते वरचं दार होतं, आजी. ते पहिल्या श्वासाला बरोबर मिटलं असणार. सगळंच काही बिघडलं नव्हतं."

चेन्याने नकळत छातीवर हात ठेवला. जन्मापासून स्वतःला तो कारखान्यातूनच बिघडून आलेला माल समजत होता. आत एक गोष्ट अशी होती, की जी कुणाच्याही दुरुस्तीशिवाय, पहिल्या फटक्यात जमली होती, हे त्याला आज कळलं.

निघताना त्याने खिशातून शंख काढून डॉक्टरांसमोर धरला. कबुली द्यायचीच होती. "बाहेरच्या हृदयातला हा भाग माझ्याकडून बसला नाही. उरला."

डॉक्टरांनी तो उजेडात धरला. "अहो, हा कानाच्या मॉडेलमधला आहे! किती वर्षं शोधतोय आम्ही. कुणीतरी हृदयात कोंबला असणार. तुम्ही बसवलंत ते बरोबरच आहे."

रस्त्यावर आले तेव्हा दुपारची गर्दी होती. एकजण हॉर्नवर हात ठेवून उभा होता, दुसरा त्याला शिव्या देत होता, एक बाई भाजीची पिशवी सांभाळत दोघांच्या मधून निघून गेली. चेन्या पायरीवर थांबून सगळ्यांकडे बघत राहिला. या प्रत्येकाच्या आत एक मिटलेलं दार होतं. पहिला श्वास घेतला तेव्हा मिटलेलं, आणि कुणाला पत्ता नाही. तो हॉर्नवाला माणूस तर त्याला एकदम भव्य वाटला.

"चल," बायको म्हणाली. "असा बघत राहिलास तर मार खाशील."

घरी आल्याबरोबर तो पाना घेऊन स्वयंपाकघरात गेला. आई उशी जागेवर ठेवून येईपर्यंत त्याने नळाचा माथा सैल केला होता.

"मुख्य व्हॉल्व्ह बंद केलास का?" बायकोने दारातून विचारलं.

"नाही."

"का?"

"चालू पाण्यात जमतं का बघतो. फक्त एक वॉशर आहे. बाळाने तर चालू पंपात झडपा बसवल्या."

पुढच्या क्षणी पाण्याची धार छताला लागली. भांडी वाजली, आई ओरडली, चेन्या डोळे मिटून एका हाताने भोक दाबत आणि दुसऱ्या हाताने वॉशर शोधत उभा राहिला. वॉशर मोरीतून केव्हाच निघून गेला होता. बायको भिंतीला टेकून इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. शेवटी आईनेच जाऊन मुख्य व्हॉल्व्ह फिरवला.

घर एकदम शांत झालं. चेन्या नखशिखांत भिजला होता. ओल्या शर्टातून छातीवरची चेन दिसत होती. तो बायकोसमोर जमिनीवर बसला आणि तिच्या पोटाजवळ तोंड नेलं.

"नाही जमत," तो बाळाला म्हणाला. "बंद केल्याशिवाय आम्हाला नाही जमत. तुला कसं जमलं रे?"

आतून उत्तर आलं नाही. आत काम चालू होतं.